पेल्याखालची सिगारेट

१

रंगपटातल्या लांब आरशासमोर पावडरच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं होतं, झाकणात एक जळालेली सिगारेट होती आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घातलेला होता. मिशा, नाकं, टोप आणि रंगांच्या कांड्या यांच्या पसाऱ्यात तो पेला अनोळखी पाहुण्यासारखा अवघडून बसला होता.

“कालपासून कुणालाही हात लावू दिलेला नाही,” नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले. “पेला मी स्वतः घातला. पुरावा म्हणजे पुरावा!”

आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाईंनी वाकून पाहिलं. शहरात सगळे त्यांना मागून ‘धूरबाई’ म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बंद सार्वजनिक जागेत सिगारेट ओढायची नाही हा कायदा आल्यापासून हॉटेलं, कचेऱ्या, जिने पालथे घालण्यात त्यांची नोकरी चालली होती. शिव्या खाल्ल्या, टोमणे ऐकले. पण एखाद्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी कुणी बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन निवांत बसलेली दिसली, की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. हे आपलं काम आहे, असं त्या कुणाला बोलून दाखवत नसत. मनात मात्र म्हणत.

“काय झालं ते नीट सांगा,” त्या म्हणाल्या.

“सांगायचंय काय? काल प्रयोग सुरू होता. पहिला अंक ऐन रंगात. मी पहिल्या रांगेत, शेजारी खुद्द आरोग्य समितीचे अध्यक्ष. आणि फायर अलार्म बोंबलायला लागला! अध्यक्षांच्या देखत! मी धावत आत आलो, तर रंगपटाचं दार सताड उघडं, खोलीत धूर, आणि धुरात हे उभे.”

‘हे’ म्हणजे कोपऱ्यात स्टुलावर बसलेले रंगभूषाकार. सगळं नाट्यगृह त्यांना काका म्हणे. पांढऱ्या केसांचा, लहान चणीचा माणूस. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

“हे काका पूर्वी सिगारेटवर सिगारेट पेटवायचे,” व्यवस्थापक म्हणाले. “सोडली म्हणून गावभर सांगत होते. आज दुपारी समितीपुढे हेच साक्ष देणार होते, बाई! इथल्या बोळात काचेची स्मोकिंग रूम बांधायची की नाही, यावर. पडद्यामागच्या सगळ्या कामगारांतर्फे हे उठून सांगणार, की बांधू नका. आता काय सांगणार? बाहेर कायदा आणि आत झुरका?”

“आणि तुमच्या नाट्यगृहाचा नियम?”

“आत सिगारेट ओढली की नोकरी संपली. नियम मी केलाय, मोडणारही नाही. तुमचा अहवाल आला की यांनी पेटी उचलायची.”

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“बाई, मी ओढली नाही.”

आजवर पकडलेल्या प्रत्येकानं बाईंना हेच सांगितलं होतं. अगदी नाकातून धूर सोडत सोडत सांगितलं होतं. पण ते सांगताना समोरचा नेहमी आपल्याकडे बघे. काका बघत होते पेल्याकडे, आणि पेल्यात साप असावा तसे बघत होते.

२

व्यवस्थापकांना बाईंनी चहा सांगण्याच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि काकांसमोर दुसरं स्टूल ओढून घेतलं.

“तिसरी घंटा झाल्यावर तुम्ही कुठे होतात?”

“विंगेत. टॉवेल आणि पफ घेऊन. राजांना फार घाम येतो. आत आले की टिपायचं, पावडर मारायची आणि परत ढकलायचं. रोजचंच आहे.”

राजे म्हणजे नाटकातला मुख्य नट. आयुष्यभर राजांचीच कामं केल्यामुळे आता त्याला घरचेसुद्धा राजे म्हणत असावेत.

“विंगेत कुणी पाहिलं तुम्हाला?”

“विंगेत अंधार असतो. सगळ्यांचे डोळे रंगमंचाकडे. मला कोण बघणार?”

“मग इथे कशाला आलात?”

“वास आला.” काका थांबले. “बाई, तुम्हाला नाही कळायचं. सोडलेल्या माणसाला तो वास भिंतीपलीकडून येतो. आलो, दार उघडलं, तर माझ्या टेबलावर, माझ्या पावडरच्या झाकणात पेटलेली सिगारेट. एकटीच. तेवढ्यात अलार्म झाला.”

“आणि तुम्ही नुसते बघत उभे राहिलात? विझवली का नाही? पाणी होतं, ओला टॉवेल होता.”

काकांनी मांडीखालचे हात काढले, पाहिले आणि परत खाली दाबले.

“हात लावायला लागला असता,” ते म्हणाले.

हे काय उत्तर झालं? बाई गोंधळल्या. घरातल्या गॅसपाशी आग दिसली तर माणूस हात भाजेल म्हणून थांबत नाही. हा माणूस एका सिगारेटला घाबरला?

“काका, खरं सांगा. एखादा दिवस जातो माणसाचा तोल. आज साक्ष द्यायची म्हणून टेन्शन आलं असेल. एकच ओढली असेल.”

“एकच?” काका हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “एकच ओढून थांबता आलं असतं तर सोडावी कशाला लागली असती? बाई, या हातांनी मी भल्याभल्यांना देव केलंय, राक्षस केलंय. ते सगळं रात्री साबणानं धुतलं जातं. आयुष्यात न धुतलं जाणारं एकच काम केलं, सिगारेट सोडली. तेवढी एक गोष्ट माझी आहे. ती तुमच्या अहवालात कुणाला देऊन टाकू नका.”

बाईंना त्यांचं बोलणं पटत होतं. पण अहवाल पटण्यावर लिहीत नाहीत. माणूस खोलीत सापडला होता, एकटा. बाकी सगळे त्या वेळी कुठे होते हे चारचौघांनी पाहिलं होतं. त्यांना सोडायचं आणि यांना धरायचं, एवढं सरळ होतं सगळं.

जरा जास्तच सरळ होतं.

३

कपडेपटाच्या मावशी इस्त्री करत होत्या. त्यांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. काकांच्या मिशा चिकटवायच्या डिंकानं राणीच्या झग्यावर डाग पडला, तेव्हापासून.

“त्यांना सांगा, डाग अजून गेलेला नाही,” मावशींनी सुरुवातच अशी केली.

“मावशी, मी डागाचं विचारायला आले नाही. काल अलार्म झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“विंगेच्या दारात. पहिल्या अंकात राणीला एक झगा काढून दुसरा घालायचा असतो, चार वाक्यांत! दुसरी घंटा झाली की मी पिना तोंडात धरून तिथे जी उभी राहते, ती झगा बदलेपर्यंत हलत नाही. राणीला विचारा, तिच्या सखीला विचारा. तोंडात पिना असल्यामुळे मी बोलतही नाही. तेवढा वेळ सगळ्यांना सुखाचा जातो म्हणे.”

“काका विंगेत होते?”

मावशींनी इस्त्री उभी केली. “अंधार होता. दिसले असते तर सांगितलं असतं. भांडण गेलं चुलीत, पण न दिसलेलं दिसलं म्हणणार नाही.”

“तुमचं काय म्हणणं आहे त्या काचेच्या खोलीबद्दल?”

“माझं कोण विचारतंय? खोली काचेची असली म्हणून दार उघडायचं राहतं का? दार उघडलं की धूर बोळात, बोळातून माझ्या कपड्यांत आणि माझ्या छातीत. आणि आत झाडू कोण मारणार? चहा कोण नेणार? ओढणारा ओढून घरी जाईल. आमचे पूर्वीचे प्रॉम्प्टर, बिचाऱ्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या धुरात वाक्यं पुरवण्यात. शेवटी शेवटी स्वतःचं वाक्य पुरं करायला दम पुरेना.”

“हे तुम्ही समितीला का सांगत नाही?”

“मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून तर काकांना...” मावशी अडखळल्या. “म्हणजे, त्यांना पुढे केलंय आम्ही सगळ्यांनी. ते स्वतः ओढायचे, त्यामुळे त्यांचं ऐकतील.”

“काल तिसऱ्या घंटेच्या आधी रंगपटात कोण कोण होतं?”

“सगळेच. व्यवस्थापक साहेब नेहमीसारखे शुभेच्छा द्यायला आले. काल अध्यक्ष आलेले, म्हणून फारच गडबडीत. ‘चला चला, आपापल्या जागा घ्या’ म्हणून सगळ्यांना मेंढरांसारखं हाकललं. हे मला राणीनं सांगितलं, मी तेव्हा दारात होते.”

राजे रंगपटाच्या दाराशीच भेटले. खिशात सिगारेटचं पाकीट उघड दिसत होतं.

“बाई, मी ओढतो,” छाती काढून ते म्हणाले. “पण मागच्या अंगणात. मुकुट, तलवार, पायघोळ अंगरखा सांभाळत पावसापाण्यात अंगणात जातो. काचेची खोली झाली तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही. म्हणजे संशय घ्यायला मी फार सोयीचा आहे. घ्या!”

“अलार्म झाला तेव्हा कुठे होतात?”

“सिंहासनावर. भरल्या सभागृहासमोर. ‘या राज्यात माझ्या आज्ञेवाचून पानही हलणार नाही’ म्हणालो आणि अलार्म झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!” राजांना अजून ते लागलेलं दिसत होतं. “कुठे आहे ती अवलक्षणी? बघू तरी.”

बाईंनी त्यांना टेबलापाशी नेलं. राजांनी पेल्याला नाक लावलं आणि जीभ टाळूला लावून चुकचुकले.

“अरेरे. वाया घालवली पोरीला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. कुणाच्या तरी जिवावर आलं असेल,” असं म्हणून राजे आपल्या खोलीकडे निघूनही गेले. बाई मात्र पेल्यापाशी उभ्याच राहिल्या.

वाया कशी घालवली? सिगारेट तर पार शेवटपर्यंत जळली होती.

४

इतकी वर्षं सिगारेटीमागे धावलेल्या त्या बाईंना एक गोष्ट तेव्हा लख्ख कळली, की सिगारेटबद्दल आपल्याला ओ की ठो माहीत नाही. आपण धूर ओळखतो, थोटूक ओळखतो, खोटं बोलणारा चेहरा ओळखतो. पण ती ओढतात कशी, ओढल्यावर तिचं काय होतं, हे आपण कधी बघितलंच नाही. तोंड फिरवून पावती फाडली, झालं.

त्या राजांच्या मागोमाग गेल्या आणि म्हणाल्या, “मला एक सिगारेट द्या.”

राजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “धूरबाई, तुम्ही?” म्हणाले आणि जीभ चावली.

“अंगणात चला. उघड्यावर मनाई नाही.”

मागच्या अंगणात जुने पडदे, मोडका रथ आणि एक कडुनिंबाचं झाड होतं. बातमी फुटायला वेळ लागला नाही. मावशी इस्त्री सोडून आल्या, काकाही आले आणि लांब उभे राहिले.

“काका, जरा एवढी धरता?” बाईंनी राजांच्या हातातलं पाकीट घेत विचारलं. “मी काडी पेटवते.”

काका दोन पावलं मागे गेले. “नको. तेवढं सांगू नका, बाई. हातात आली तर हात ओठापर्यंत जाईल. त्याला माझी परवानगी लागत नाही.”

मावशींनी काकांकडे पाहिलं. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच.

मग राजांनी सिगारेट ओठात धरली, ओंजळीचा आडोसा केला, काडी पेटवली, गाल आत गेले, टोक लाल झालं. एका झटक्यात सगळं. एक दीर्घ झुरका घेऊन त्यांनी बोटानं टिचकी मारली आणि राख गवतात पडली. त्यांनी ती ओढून संपवली आणि बाईंनी थोटूक कागदावर मागून घेतलं. फिल्टर पिवळट तपकिरी झाला होता, चहा सांडलेल्या कापसासारखा.

“दर वेळी असाच होतो?”

“ओढली की होणारच. तो जो रंग दिसतोय ना, तोच माझ्या छातीत आहे,” राजे म्हणाले.

“आता मला द्या. मी पेटवून बघते.”

“ओठात धरा आणि आत ओढा.”

“ओठात? मुळीच नाही!” बाईंनी सिगारेट पाल धरावी तशी दोन बोटांत, अंगापासून लांब धरली आणि दुसऱ्या हातानं काडी तिच्याखाली नेली. कागद एका बाजूनं काळा पडला. सिगारेट काही पेटेना. दुसरी काडी. बाजूची काळी रेघ आणखी लांबली, शेवटी कोपऱ्यातून कसंबसं टोक धरलं. धूर डोळ्यांत गेला, बाईंना ठसका लागला, मावशींना हसू आवरेना.

“अहो, ओढल्याशिवाय पेटते होय!” राजे म्हणाले. “बघा, एका अंगानं भाजून टाकलीत बिचारीला.”

बाईंचा ठसका मध्येच थांबला. त्या हातातल्या सिगारेटकडे बघत राहिल्या. मग ती मोडक्या रथाच्या कडेवर ठेवून त्या आत पळाल्या आणि रंगपटातल्या पेल्याला नाक लावून वाकल्या.

झाकणातल्या सिगारेटची राख टोकापासून फिल्टरपर्यंत अखंड होती, न मोडलेली. फिल्टर पांढराशुभ्र होता. आणि फिल्टरपाशी जळायच्या उरलेल्या कागदाच्या पट्टीवर, एकाच बाजूनं, एक लांब काळा डाग होता.

“हे तर माझंच काम आहे,” बाई पुटपुटल्या. “माझ्यासारख्याचंच.”

५

व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतभर नाट्यगृहाची जुनी छायाचित्रं होती आणि खिडकीशी एक फाटकी लाल खुर्ची, स्प्रिंग बाहेर आलेली. समितीची माणसं यायला सुरुवात झाली होती. पोर्चमधून त्यांचे आवाज येत होते.

“अहवाल झाला?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“एकच राहिलंय. तुम्ही कधी सिगारेट ओढलीत का हो?”

“मी?” व्यवस्थापकांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “आयुष्यात नाही. ओठाला लावली नाही. आमच्या घराण्यात कुणी नाही.”

“मला खात्री होती,” बाई म्हणाल्या. “साहेब, मी आणि तुम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो. अलार्म झाला तेव्हा कुठे होतास? तो प्रश्नच चुकीचा. ती सिगारेट कुणी ओढलीच नाही. फिल्टर कोरा आहे. राख अखंड आहे, म्हणजे कुणी उचलून झटकलीही नाही. पेटवून ठेवली आणि ती आपली एकटी जळत बसली, खोली धुरानं भरेपर्यंत. तोवर पेटवणारा कुठेही जाऊन बसू शकत होता. अगदी पहिल्या रांगेतसुद्धा.”

व्यवस्थापकांनी टेबलावरचा कागदाचा दाब सरळ केला. तो आधीच सरळ होता.

“राजांनी केलं असेल. त्यांना खोली हवीच आहे.”

“राजे ओढणारे आहेत. त्यांना असं काही करायचं असतं तर त्यांनी सवयीनं दोन झुरके घेतले असते आणि थोटूक खरं दिसलं असतं. उलट त्यांनीच मला पहिल्या नजरेत सांगितलं, की ही वाया गेली. स्वतःचा डाव कुणी असा उघडा पाडतं? काकांचं तर विचारूच नका. त्यांच्या हातात सिगारेट आली असती तर ती ओठांपर्यंत गेलीच असती. म्हणून तर ते ती विझवायलाही पुढे झाले नाहीत. मी त्याचाच अर्थ उलटा लावत होते.”

“मग?”

“मग राहिला तो माणूस, ज्यानं आयुष्यात सिगारेट ओढली नाही. त्याला ती पेटवता येत नाही, तो लांब धरून भाजतो. ओढल्यावर फिल्टर पिवळा पडतो हे त्याला माहीत नसतं. मला तरी कुठे माहीत होतं? इतका निर्मळ माणूस या इमारतीत कोण आहे? मी आहे, पण मी काल इथे नव्हते. मावशी आहेत, पण त्या दुसऱ्या घंटेपासून पिना तोंडात धरून राणीसमोर उभ्या होत्या.”

बाईंनी राजांचं पाकीट आणि काडेपेटी टेबलावर ठेवली.

“अंगणात चला. एक पेटवून दाखवा.”

व्यवस्थापकांनी पाकिटाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

“तिसऱ्या घंटेला रंगपट रिकामा कुणी करवला, हे मला राणीकडून ऐकायचंय का, साहेब? आणि पेला तुम्ही किती काळजीनं घातलात! पेल्यामुळेच राख जशीच्या तशी राहिली. तुम्ही तो घातला नसता तर कुणाच्या तरी फुंकरीनं सगळं उडून गेलं असतं आणि मी काकांविरुद्ध अहवाल लिहून मोकळी झाले असते.”

मग व्यवस्थापक खिडकीतल्या फाटक्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

“ही बघा,” ते म्हणाले. “प्रेक्षागृहात अर्ध्याहून जास्त अशा आहेत. लोक रुमाल टाकून बसतात. एक सिगारेट कंपनी काचेची खोली बांधून देणार, वर सगळ्या खुर्च्या नव्या. मी म्हटलं, एक खोली गेली तर गेली, नाट्यगृह तर जगेल. पण काका साक्ष देणार म्हटल्यावर समिती नाहीच म्हणणार. त्यांचं ऐकताना माणसाला... मी एकदा ऐकलंय. मलाही नको वाटायला लागली होती ती खोली.”

“म्हणून त्यांची साक्ष खोटी पाडायची?”

“मला वाटलं, माफी मागतील, साक्षीतून नाव काढून घेतील आणि मी नियम शिथिल करून त्यांना ठेवून घेईन.”

“आणि त्यांनी सोडलेली सिगारेट? ती त्यांना परत कोण देणार होतं?”

व्यवस्थापक खुर्चीची बाहेर आलेली स्प्रिंग आत दाबू लागले.

“समितीपुढे मी उभी राहू की तुम्ही?” बाईंनी विचारलं.

६

समिती रंगमंचावरच बसली होती, राजांच्या सिंहासनाला पाठ करून. समोर प्रेक्षागृहात पडद्यामागचे सगळे कामगार. अध्यक्ष करड्या आवाजाचे गृहस्थ होते.

“साक्षीदार कोण? अच्छा, तुम्ही. काल ज्यांच्या खोलीत सिगारेट सापडली ते तुम्हीच ना? मग तुम्ही आम्हाला काय सांगणार?”

काका उठले होते ते तसेच उभे राहिले. मागून कुणीतरी खिदळलं.

बाईंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. बाईंचा हात पिशवीतल्या पेल्याकडे गेला. उठावं का? आणि तेवढ्यात खुर्ची करकरली.

“ती सिगारेट त्यांची नव्हती,” व्यवस्थापक म्हणाले. आवाज चिरकला होता. “मी पेटवून ठेवली. त्यांना खोटं पाडायला. काकांनी सिगारेट सोडलेली आहे, अध्यक्ष महाराज. हे माझ्या शब्दावर लिहून घ्या. माझा शब्द आज फारसा चालायचा नाही, पण घ्या.”

सभागृहात असा काही गलबला झाला की अध्यक्षांना टेबल आपटावं लागलं. सगळ्यांत मोठा आवाज मावशींचा होता. चारचौघांत बोलता न येणाऱ्या मावशी व्यवस्थापकांना जे काही बोलल्या, ते समितीच्या कामकाजात घेतलं नाही हे बरंच झालं.

“आता बोला,” शांत झाल्यावर अध्यक्ष काकांना म्हणाले. आवाजातला करडेपणा गेला होता.

काका बोलले. कागद नव्हता, हात या वेळी मांडीखाली नव्हते, समोर होते.

“मला प्रेमानं सांगून मी सोडली नसती. बायकोनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं. मी हो म्हणायचो आणि पेटवायचो. नटांचे चेहरे माझ्यापुढे एवढ्या जवळ असायचे, आणि मी त्यांच्या तोंडावर धूर सोडत त्यांना रंगवायचो. कुणी काही बोलायचं नाही, कारण मोठा रंगभूषाकार ना मी! मग कायदा आला. कायद्यानं मला काही उपदेश केला नाही. फक्त दार दाखवलं, बाहेर जा म्हणाला. मी फार चिडलो. अंगणात जाऊन ओढायचो आणि शिव्या द्यायचो. एक दिवस परत आत आलो, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रंगपट गप्प होता. बऱ्याच वेळानं कळलं, कुणी खोकत नव्हतं. नाहीतर आमच्या रंगपटात कायम कुणी ना कुणी खोकायचं. मला वाटायचं, नाटकवाल्यांचे घसेच असे.” काका थांबले. “तो खोकला माझा होता, साहेब. राहायला फक्त त्यांच्या छातीत होता. तेव्हापासून ओढवलीच नाही. आता तुम्ही काचेची खोली बांधा, सोन्याची बांधा. दार तर ठेवणारच ना तिला? त्या दारासमोर आमचा बोळ आहे. आम्ही तिकीट काढून आलेले नाही, आम्हाला उठून जाता येत नाही. आमचा श्वास इथेच घ्यायचा आहे. एवढंच.”

ते बसले. मावशींनी शेजारची खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली आणि तिसऱ्या कुणाला न सांगता थेट त्यांनाच म्हणाल्या, “पाणी प्या.”

“कलावंतांपैकी कुणाला खोली हवी आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

राजे उठले.

“मला हवी होती,” राजे म्हणाले. “पण मी अंगणात जाईन. मुकुटासकट जाईन. आणि त्या खुर्च्यांसाठी एक प्रयोग लावा, मी मानधन घेणार नाही.”

“आम्हीही नाही,” मागून आवाज आले, एकापाठोपाठ एक.

समितीनं खोली नाकारली. हात मोजायची वेळच आली नाही, सगळेच वर होते. काकांना नोकरीवरून काढायचा प्रश्न आता कुणाच्या मनातही उरला नव्हता. उलट अध्यक्ष निघताना त्यांच्यापाशी थांबले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते काकांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी ते राजांना रंगवत होते तेव्हा गुणगुणत होते, असं मावशी म्हणतात.

बाई मात्र अजून निघाल्या नव्हत्या. त्यांनी पावतीपुस्तक काढलं आणि व्यवस्थापकांसमोर टेबलावर ठेवलं.

“हे काय?”

“दंड. बंद सार्वजनिक जागेत धूम्रपान.”

“पण बाई, मी ओढली कुठे? एक झुरकाही नाही! माझ्या घराण्यात...”

“पेटवलीत ना? धूर झाला ना? तो काकांच्या नाकात गेला, राणीच्या गेला, पहिल्या रांगेत बसलेल्यांच्याही गेला असेल. कुणी ओढली ते आम्ही फारसं विचारत नाही, साहेब. कुणाला न मागता घ्यावी लागली, ते बघतो. त्यांच्यासाठीच आहे कायदा.”

व्यवस्थापकांनी पावती दोनदा वाचली. मग पैसे भरले आणि सही केली.

“हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

पोर्चमध्ये संध्याकाळच्या प्रयोगाची माणसं जमू लागली होती. कडेवर पेंगणारी मुलं, हातात हात धरलेली नवी जोडपी, पोटुशी लेक आणि तिला सांभाळत जिना चढवणारी आई. दुपारी इथे काय घडलं याचा कुणालाच पत्ता नव्हता. काठी टेकत एक आजोबा वर आले, दारात थांबले, दम लागला होता म्हणून त्यांनी तिथेच दोनचार लांब श्वास घेतले. श्वास नीट आत गेले, नीट बाहेर आले. आजोबांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

“बाई, नाटक इकडेच ना?” त्यांनी विचारलं.

“हो, इकडेच,” निरीक्षक बाई म्हणाल्या. “या, आत या,” आणि दाराची दोन्ही कवाडं उघडी धरून, मान ताठ करून, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.